आकृतीत न काढलेले कपॅसिटर: दहा किलोव्होल्टच्या पुरवठ्यासाठी सिम्युलेटर निवडतानाचं एक प्रकरण

पडद्यावर १०.३ किलोव्होल्ट, टेबलावर ८.६. हा सतराशे व्होल्टचा फरक दिसला त्या संध्याकाळी टीममधल्या प्रत्येकाने पहिला संशय सिम्युलेटरवर, म्हणजे सर्किट संगणकावर सोडवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, घेतला. फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं की असंच होणार, हे एकाचं मत. उच्च व्होल्टेजसाठी ‘खास’ पॅकेज विकत घ्यायला हवं, हे दुसऱ्याचं. मी तिसऱ्याच प्रोग्रॅमच्या बाजूने होतो, आणि तो मला वापरता येतो यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे उमगायला तीन आठवडे गेले. सॉफ्टवेअर निवडायचं कसं हेही त्याच तीन आठवड्यांत समजलं, म्हणून ते प्रकरण आकड्यांसह लिहून ठेवतो आहे.

काम काय होतं

२४ व्होल्ट डीसीपासून १० किलोव्होल्ट डीसी, करंट ०.५ मिलिॲम्पिअर. रिपल (डीसीवर उरलेली लहर) ०.१ टक्क्याच्या आत, म्हणजे शिखर ते शिखर १० व्होल्ट. ट्रान्झिस्टरच्या ब्रिजमधून ५० किलोहर्ट्‌झची जवळजवळ साइन लाट, १:४२ चा ट्रान्सफॉर्मर, सेकंडरीवर १ किलोव्होल्टचं शिखर, आणि पुढे डायोड-कपॅसिटरची सहा पायऱ्यांची शिडी.

शिडी जुनी आहे. मूळ कल्पना हाइनरिश ग्राइनाखरची. जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत अशाच शिडीच्या जोरावर प्रोटॉनना वेग देऊन लिथियमचं केंद्रक फोडलं, आणि १९५१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. प्रत्येक पायरी शिखराच्या दुप्पट व्होल्टेज वर चढवते, म्हणून सहा पायऱ्यांवर लोड नसताना १२ किलोव्होल्ट मिळतात.

लोड लावला की व्होल्टेज बसतं. किती बसतं याचं सूत्र आहे. करंटला फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्सच्या गुणाकाराने भागायचं. मग पायऱ्यांच्या संख्येच्या घनाचे दोन तृतीयांश, अधिक वर्गाचा निम्मा, उणे त्या संख्येचा सहावा भाग, या बेरजेने गुणायचं. सहा पायऱ्यांसाठी ही बेरीज १४४ + १८ − १ म्हणजे १६१ येते. कपॅसिटर १ नॅनोफॅरॅडचे, तेव्हा पहिला भाग १० व्होल्ट आणि एकूण घट १६१० व्होल्ट. मी हे वेगळ्या रूपात लक्षात ठेवतो: १२ किलोव्होल्टचा स्रोत, आणि त्याच्या पोटात लपलेला ३.२२ मेगाओहमचा रेझिस्टर. शिडीनंतरच्या फिल्टरचे १०० किलोओहम धरले आणि २० मेगाओहमचा लोड लावला, तर उत्तर १०.३ किलोव्होल्ट.

सिम्युलेटर अगदी हेच सांगत होता. आम्ही काढून दिलेलं सर्किट त्याने अचूक सोडवलं होतं, आणि टेबलावर ते सर्किट नव्हतंच.

प्रोब कुठे आहे?

ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने गुंडाळणारे आमच्यातले ज्येष्ठ सहकारी तोपर्यंत वादात पडले नव्हते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “यात प्रोब कुठे आहे?”

“सर, प्रोब कशाला काढायचा? तो मोजायला आहे.”

“मोजायला असला म्हणून काय झालं, करंट तर खातो ना?”

आमचा १०००:१ चा प्रोब १०० मेगाओहमचा. १० किलोव्होल्टवर तो १०० मायक्रोॲम्पिअर घेतो, म्हणजे आमच्या पूर्ण लोडचा पाचवा हिस्सा. पाच व्होल्टच्या सर्किटात प्रोबला विसरलं तर काही बिघडत नाही. इथे २० मेगाओहमला १०० मेगाओहम समांतर लागले, लोड १६.७ मेगाओहम झाला, आणि उत्तर १०.३ वरून १०.० किलोव्होल्टवर आलं. तीनेकशे व्होल्टचा हिशेब तिथेच लागला. सॉफ्टवेअर बदलायची गरज पडली नाही.

उरलेले चौदाशे व्होल्ट शोधताना मात्र सॉफ्टवेअरचा प्रश्न खरोखर समोर आला.

उमेदवार

आम्ही ज्यांचा विचार केला ते प्रोग्रॅम दोन जातींचे आहेत. पहिली जात स्पाइसची: एलटीस्पाइस, कीकॅडच्या आतून चालणारा एनजीस्पाइस, २०२३ मध्ये आलेला क्यूस्पाइस, आणि पीस्पाइस. दुसरी जात डायोड आणि ट्रान्झिस्टरना आदर्श स्विच मानून सरळ रेषांच्या तुकड्यांत सर्किट सोडवणाऱ्यांची: प्लेक्स, सिम्प्लिस, पीसिम. दुसऱ्या जातीचे प्रोग्रॅम पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे लाडके आहेत, आणि ते योग्यच आहे. डायोडची घातांकी वक्ररेषा काळाच्या प्रत्येक छोट्या पावलाला पुन्हा पुन्हा सोडवावी लागत नाही, त्यामुळे लांबलचक स्टार्टअप आणि कंट्रोल लूप ते झपाट्याने दाखवतात.

स्पाइसचा इतिहास इथे उगाच सांगत नाही. १९७३ मध्ये बर्कली विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी तो लिहिला, आणि नावाचा विस्तारच ‘सिम्युलेशन प्रोग्रॅम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस’ असा आहे. चिपवरच्या सर्किटांसाठी जन्मलेला प्रोग्रॅम. त्याच्या आतल्या मूळ सेटिंगवर त्या जन्माचे शिक्के अजून आहेत, आणि उच्च व्होल्टेजवाल्याने ते शिक्के एकदा बारकाईने वाचायला हवेत.

रेलटोल नावाच्या सेटिंगचंच बघा. एका पावलातली आकडेमोड ‘पुरेशी जुळली’ असं प्रोग्रॅमने कधी म्हणायचं ते ही सेटिंग ठरवते. मूळ किंमत ०.००१. पाच व्होल्टच्या नोडवर हे ५ मिलिव्होल्ट होतात, छान. दहा किलोव्होल्टच्या नोडवर १० व्होल्ट होतात. आमची रिपलची पूर्ण मर्यादा १० व्होल्ट, आणि प्रोग्रॅमला थांबायला मान्य असलेला फरकही १० व्होल्ट! दर वेळी तेवढी चूक होते असं नाही, बहुतेकदा उत्तर याहून बरंच चांगलं येतं. पण पडद्यावरच्या रिपलवर विश्वास ठेवायला आधार राहत नाही. आम्ही ही किंमत शंभरपट खाली आणली.

डायोडची गोष्ट त्याहून वाईट. स्पाइसमध्ये डायोडचं चिन्ह टाकून मॉडेल दिलं नाही, तर जंक्शन कपॅसिटन्स शून्य, ट्रान्झिट टाइम शून्य, आतला रेझिस्टन्स शून्य आणि ब्रेकडाउन व्होल्टेज अनंत. हा डायोड कधी फुटत नाही, बंद व्हायला वेळ घेत नाही, आणि उलट दिशेने कितीही किलोव्होल्ट टाका, बिनबोभाट सहन करतो. उच्च व्होल्टेजच्या शिडीसाठी यापेक्षा फसवा भाग सापडणं कठीण. त्यात उच्च व्होल्टेजच्या डायोडचं मॉडेल उत्पादकाकडून अनेकदा मिळतच नाही. एका कवचात अनेक जंक्शन्स एकावर एक रचलेली असतात, फॉरवर्ड ड्रॉप नेहमीच्या ०.७ व्होल्टच्या कितीतरी पट असतो, आणि डेटाशीटमध्ये दोन-तीन आलेखांपलीकडे फारसं काही नसतं. मॉडेल स्वतः बनवावं लागतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

एलटीस्पाइसबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण त्या आम्हाला नडल्या. तो तरंगाकृती साठवताना दाबून लहान करतो, आणि ते दाबणं काही तपशील गमावून होतं. १० किलोव्होल्टवर बसलेल्या सात व्होल्टच्या रिपलचं स्पेक्ट्रम काढायचं असेल, तर प्लॉटविनसाइझ नावाची सेटिंग शून्य करून हे दाबणं बंद करावं लागतं. शिवाय आकडे मुळात ३२ बिटांच्या रूपात साठतात. १० किलोव्होल्टच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांतलं अंतर १ मिलिव्होल्ट पडतं. आम्हाला तेवढं पुरलं, पण मिलिव्होल्टच्या नॉइजचा अभ्यास करणाऱ्याला पुरणार नाही. त्याने साठवणीची अचूकता वाढवायचा पर्याय चालू करावा.

उत्तर माहीत असलेलं सर्किट

पॅकेजांच्या जाहिरातींचे तक्ते आम्ही बाजूला ठेवले. त्याऐवजी उत्तर आधीच कागदावर काढता येतं असं एक सर्किट प्रत्येक प्रोग्रॅममध्ये बसवलं: आदर्श डायोड, पक्के १ नॅनोफॅरॅड, सहा पायऱ्या, ०.५ मिलिॲम्पिअरचा ठरलेला करंट. घट १६१० व्होल्ट आली पाहिजे. शिडीच्या टोकाचा रिपल, शिखर ते शिखर, १० गुणिले २१ म्हणजे २१० व्होल्ट आला पाहिजे. फिल्टरनंतर (१०० किलोओहम, १ नॅनोफॅरॅड) तो साधारण सात व्होल्टवर यायला हवा.

सगळ्या प्रोग्रॅमनी जवळपास तेच उत्तर दिलं. एका फेरीत फरक आला तो आमच्यामुळे. स्थिरस्थावर होण्याआधीच, १० मिलिसेकंदांवर, आम्ही आकडा वाचला होता. ३.३ मेगाओहम आणि १ नॅनोफॅरॅड यांचाच टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज स्थिरावायच्या वेळेचं माप) ३.३ मिलिसेकंद, वर शिडीचे स्वतःचे कपॅसिटर. ०.१ टक्क्यापर्यंत जायला असे सातेक टाइम कॉन्स्टंट लागतात. आम्ही ४० मिलिसेकंद धरले, म्हणजे २००० सायकल. प्रत्येक सायकलला हजार बिंदू घेतले तर २० लाख बिंदू. इथे स्पाइसची दमछाक होते, आणि आदर्श स्विचवाले प्रोग्रॅम पुढे निघून जातात. स्पाइसमध्ये एक पळवाट आहे: प्रत्येक कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज अंदाजाने देऊन टाकायचं. हाताने काढलेल्या उत्तराचा इथे दुहेरी उपयोग होतो, तपासायलाही आणि वेळ वाचवायलाही.

हे सर्किट आता आमच्याकडे कायमचं आहे. नवा प्रोग्रॅम असो वा जुन्याची नवी आवृत्ती, आधी ही शिडी चालवायची.

चौदाशे व्होल्ट

परीक्षेत सगळेच पास झाल्यावर दोष प्रोग्रॅमच्या बाहेर आहे हे मान्य करावं लागलं. शिडीतले कपॅसिटर एक्स७आर जातीचे होते, कवचावर १ नॅनोफॅरॅड आणि ३ किलोव्होल्ट छापलेले. या जातीच्या सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज चढलं की कपॅसिटन्स घटतो. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती, पण ‘थोडा घटतो’ एवढीच. असं डीसी व्होल्टेज (बायस) लावून मोजल्यावर दीड किलोव्होल्टला जेमतेम निम्मा उरलेला दिसला. मर्यादा ३ किलोव्होल्टची म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ती मर्यादा कपॅसिटर फुटणार नाही याची आहे, कपॅसिटन्स टिकेल याची नाही.

निम्मा कपॅसिटन्स म्हणजे शिडीच्या पोटातला रेझिस्टर दुप्पट, ६.४४ मेगाओहम. फिल्टर आणि प्रोब धरून हिशेब केला: ८.६ किलोव्होल्ट. मीटरवरचा आकडा.

आता प्रश्न असा की व्होल्टेजनुसार बदलणारा कपॅसिटर कोणत्या प्रोग्रॅममध्ये नीट लिहिता येतो? निवडीची आमची खरी कसोटी ही ठरली. असा कपॅसिटर लिहायचे दोन मार्ग आहेत. एकात कपॅसिटन्स हे व्होल्टेजचं फल म्हणून द्यायचं. दुसऱ्यात साठलेला विद्युतभार हे व्होल्टेजचं फल म्हणून द्यायचं. कागदावर दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्यात एक सापळा आहे: ‘कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज’ असं लिहून मोकळं झालं की चूक होते, कारण भार हा कपॅसिटन्सचं व्होल्टेजवरचं इंटिग्रल आहे. शिडीचं काम म्हणजे भाराच्या बादल्या पायरीपायरीने वर नेणं. तिथे हिशेबात भार गळला किंवा आपोआप वाढला तर सगळंच मुसळ केरात.

भार थेट लिहिला तर तो गळू शकत नाही. आमच्या मोजणीला बऱ्यापैकी बसणारं रूप असं होतं: मूळ कपॅसिटन्स गुणिले १५०० व्होल्ट, गुणिले (व्होल्टेज भागिले १५००) याचा आर्कटॅन. याचा उतार काढा, १५०० व्होल्टला बरोबर निम्मा कपॅसिटन्स येतो. एलटीस्पाइस आणि एनजीस्पाइस, दोघांतही भाराचं सूत्र असं थेट लिहिता येतं. कसोटीला दोघे उतरले.

सेकंडरीवरचे पन्नास पिकोफॅरॅड

दुसरी तक्रार ब्रिजच्या ट्रान्झिस्टरांची होती. ते अपेक्षेपेक्षा बरेच जास्त तापत होते, आणि सिम्युलेशनमध्ये याचा मागमूस नव्हता.

ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला स्वतःचा कपॅसिटन्स असतो, थराथरांमधला. आमच्यात तो सुमारे २५ पिकोफॅरॅड होता. शिवाय बारा डायोड, प्रत्येकी दोनेक पिकोफॅरॅड. शिडीतले कपॅसिटर ५० किलोहर्ट्‌झला जवळजवळ शॉर्ट असतात, त्यामुळे बाराच्या बारा डायोड एसीच्या दृष्टीने समांतर पडतात: आणखी २४ पिकोफॅरॅड. एकूण पन्नासच्या घरात. पन्नास पिकोफॅरॅडची दखल कोण घेतो? पण प्रायमरीकडून पाहिलं की ही संख्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते. ४२ चा वर्ग १७६४, आणि पन्नास पिकोफॅरॅडचे होतात ८८ नॅनोफॅरॅड.

२४ व्होल्टच्या शिखरावर, ५० किलोहर्ट्‌झला, ८८ नॅनोफॅरॅड ०.६६ ॲम्पिअरचा शिखर करंट ओढतात. कामाचा करंट होता साधारण अर्धा ॲम्पिअर. म्हणजे ब्रिज लोडपेक्षा न काढलेल्या कपॅसिटरसाठी जास्त राबत होता. दोन्ही करंट काटकोनात जुळतात, एकूण ०.८३ ॲम्पिअर येतो, आणि ट्रान्झिस्टरच्या रेझिस्टन्समधली उष्णता अडीचपटीहून वर जाते.

आदर्श स्विचवाल्या प्रोग्रॅमची मोह पाडणारी गती इथे उपयोगाची नव्हती. त्यातही हे पन्नास पिकोफॅरॅड हाताने टाकता येतात, पण मग स्विच आदर्श ठेवण्याचा फायदा पातळ होत जातो. गंमत म्हणजे स्पाइसमध्ये हे भटके कपॅसिटन्स टाकल्यावर आमचा जुना छळवाद थांबला. सिम्युलेशन मध्येच अडकून ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ म्हणत बंद पडायचं, ते आता सुरळीत चालायला लागलं. शून्य कपॅसिटन्सचे डायोड क्षणात उघडतात-मिटतात, आणि तो क्षण पकडण्यासाठी प्रोग्रॅम पाऊल लहान लहान करत दमतो. खऱ्या भागांना अशी घाई नसते. तेव्हापासून मी असा अडथळा आला की सेटिंग ढिली करण्याआधी सर्किटात काय काढायचं राहिलं ते पाहतो.

उपाय सोपा निघाला. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये गॅप टाकून प्रायमरीचं इंडक्टन्स ११५ मायक्रोहेन्रीच्या आसपास आणलं. ५० किलोहर्ट्‌झला ते ८८ नॅनोफॅरॅडशी रेझोनन्समध्ये बसतं, आणि तो फुकाचा करंट त्या दोघांतच फिरत राहतो.

जे स्पाइसला कळतच नाही

२५ पिकोफॅरॅड आले कुठून? पहिल्या ट्रान्सफॉर्मरचे मोजून. पण नवा गुंडाळण्याआधी अंदाज हवा असेल, तर सर्किट सिम्युलेटर काहीच सांगत नाही, कारण त्याच्या जगात नोड हा बिंदू आहे आणि तार ही रेघ. त्यासाठी विद्युतक्षेत्र सोडवणारा प्रोग्रॅम लागतो. आम्ही फेम वापरला. तो मोफत आहे, द्विमितीय आहे, आणि अक्षाभोवती फिरवून तयार होणाऱ्या आकारांना चालतो. गोल बॉबिनला एवढं पुरतं.

त्यात कपॅसिटन्स तर मिळालाच, पण त्याहून मोलाची गोष्ट दिसली: सेकंडरीच्या शेवटच्या थराच्या कडेला क्षेत्र कसं दाटतं ते. समान क्षेत्रात हवा साधारण ३ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर सहन करते. इपॉक्सी त्याच्या कितीतरी पट सहन करतं, म्हणून इपॉक्सी भरलं की निश्चिंत, असा समज असतो. पण इपॉक्सीत हवेचा चपटा बुडबुडा राहिला तर त्याच्या आतलं क्षेत्र भोवतालच्या इपॉक्सीतल्या क्षेत्राच्या तीन-चार पट होतं, कारण इपॉक्सीची सापेक्ष परमिटिव्हिटी तेवढी असते. कमी सहनशक्तीच्या जागी जास्त ताण. आतल्या आत बारीक डिस्चार्ज होत राहतात आणि इन्सुलेशन महिनोन्‌महिने कुरतडलं जातं. स्पाइसचा कोणताही आलेख हे दाखवणार नाही. आम्ही शेवटच्या थराची रुंदी कमी केली, कडेला जागा सोडली, आणि इपॉक्सी व्हॅक्यूममध्ये ओतलं.

काय ठरलं

रोजच्या कामाला एलटीस्पाइस. कारणं साधी: भाराचं सूत्र लिहिता येतं, डायोड हवा तेव्हा आदर्श आणि हवा तेव्हा पूर्ण मॉडेलचा करता येतो, आणि टीममध्ये तिघांना तो आधीपासून येत होता. हे तिसरं कारण तांत्रिक तुलनेत कुणी लिहीत नाही, पण आमच्याकडे त्याचं वजन कमी नव्हतं.

त्याच सर्किटाची नेटलिस्ट, म्हणजे भागांची आणि जोडण्यांची यादी, साध्या मजकुरात काढून एनजीस्पाइसमध्येही चालवायची, निदान प्रत्येक टप्प्याला एकदा. दोन वेगळ्या प्रोग्रॅमांची उत्तरं जुळली नाहीत तर बहुधा टॉलरन्स नाहीतर सुरुवातीच्या व्होल्टेजमध्ये घोळ असतो. एनजीस्पाइस स्क्रिप्टमधून चालतो, त्यामुळे भागांच्या किमती इकडेतिकडे करून रात्रभर शेकडो फेऱ्या घेणं सोपं जातं. मजकुरातल्या नेटलिस्टचा आग्रह मी दुसऱ्याही कारणासाठी धरला. मायक्रो-कॅप हा एकेकाळचा चांगला सशुल्क प्रोग्रॅम. त्याची कंपनी २०१९ मध्ये बंद झाली, जाताना प्रोग्रॅम मोफत करून गेली, पण त्यानंतर त्याला वाली उरला नाही. उच्च व्होल्टेजची उपकरणं वीस-वीस वर्षं चालतात. तोवर आपली फाइल कशात तरी उघडली पाहिजे.

उत्पादकांच्या मॉडेलबाबत एक खबरदारी: काही मॉडेल एन्क्रिप्ट केलेली असतात आणि ज्या प्रोग्रॅमसाठी केली त्यातच उघडतात. ब्रिजसाठी आम्ही निवडलेल्या ट्रान्झिस्टरचं मॉडेल असंच निघालं, म्हणून साधं मॉडेल उघड मिळणारा दुसरा घेतला. सॉफ्टवेअरपायी भाग बदलणं विचित्र वाटेल, पण आत काय आहे ते वाचता न येणाऱ्या मॉडेलवर माझा भरवसा बसत नाही.

आदर्श स्विचचा प्रोग्रॅम आम्ही विकत घेतला नाही. चाचणीच्या मुदतीत सॉफ्ट-स्टार्ट आणि लूपची ठेवण त्याच्यावर पाहून घेतली. आमच्या जागी मोटर ड्राइव्ह किंवा मोठा इन्व्हर्टर करणारा असता, तर त्याने निवड नेमकी उलट करावी असंच मी सांगेन.

दुसरा बोर्ड

व्होल्टेज चढलं तरी कपॅसिटन्स टिकवणारे सी०जी जातीचे कपॅसिटर, गॅप टाकलेला कोअर, बाकी तेच. प्रोबसह अपेक्षा १०.० किलोव्होल्टची, मिळाले ९.९. त्यातले पन्नासेक व्होल्ट बारा डायोडांच्या ड्रॉपचे. उरलेल्या पन्नासांच्या मागे आम्ही लागलो नाही. तेवढी तर प्रोबची स्वतःची चूक असू शकते.

मग आर्कची चाचणी. आउटपुटजवळ मुद्दाम ठिणगी पाडायची आणि काय जळतं ते पाहायचं. याची तयारी सिम्युलेशनमध्ये केली होती. आउटपुट मोजून सांभाळणाऱ्या फीडबॅकसाठी १ गिगाओहम आणि २५० किलोओहमचा विभाजक आहे, १० किलोव्होल्टला २.५ व्होल्ट देणारा. त्या गिगाओहमच्या दोन टोकांमध्ये ०.१ पिकोफॅरॅडचा भटका कपॅसिटन्स धरला. १० किलोव्होल्ट १० नॅनोसेकंदांत कोसळले, तर एवढ्याशा कपॅसिटन्समधून ऑप-ॲम्पच्या (ते २.५ व्होल्ट वाचणाऱ्या ॲम्प्लिफायर चिपच्या) इनपुटकडे ०.१ ॲम्पिअरचा झटका जातो. एरवी तिथून १० मायक्रोॲम्पिअर वाहतात. म्हणून इनपुटवर जादा व्होल्टेज बाजूला वळवणारे क्लॅम्प डायोड बसवले, विभाजकाखाली कपॅसिटर वाढवला, आणि दोनशे ठिणग्यांनंतरही ऑप-ॲम्प धडधाकट राहिला.

मायक्रोकंट्रोलर मात्र दर पाच-सहा ठिणग्यांमागे रीसेट व्हायला लागला. हे कोणत्याही फाइलमध्ये दिसलं नव्हतं. फिल्टरच्या कपॅसिटरमध्ये ०.०५ ज्यूलचा साठा असतो. ठिणगी पडली की तो ज्या फेऱ्यातून धावतो त्याचं इंडक्टन्स ढोबळ हिशेबाने १०० नॅनोहेन्री, आणि पहिल्या क्षणी पूर्ण १० किलोव्होल्ट या इंडक्टन्सवर वाटले जातात. त्या फेऱ्यातला ग्राउंडचा एक सेंटिमीटरभर पट्टा मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडशी सामाईक होता. सेंटिमीटर म्हणजे साधारण १० नॅनोहेन्री, दहावा हिस्सा. त्या क्षणी त्या पट्ट्याच्या दोन टोकांत १ किलोव्होल्ट.

आकृतीत तिथे ग्राउंडचं चिन्ह होतं, दोन ठिकाणी, सारखंच. आता त्या दोन चिन्हांना वेगवेगळी नावं आहेत आणि मध्ये १० नॅनोहेन्रीचा इंडक्टर आहे. तिसऱ्या बोर्डचा लेआउट त्या इंडक्टरभोवतीच चालू आहे.